स्पीकर आणि ॲम्प घरच्या घरी मोजायचे कसे: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी एकच चौकशी सुरू होते: आरती-भजनाला स्पीकर कुठला घ्यावा? दुकानदार आवाज चढवून दाखवतो, खोक्यावर ‘५००० वॉट पीएमपीओ’ असं ठसठशीत छापलेलं असतं, आणि सोबत आलेला जाणकार भाचा ‘बास जबरदस्त’ म्हणून मोकळा होतो. तिघांपैकी कुणाचंही म्हणणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तपासून पाहता येत नाही. मोजमापाचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे: फोंड्यात मी काढलेला आकडा म्हापशात तुम्हाला पुन्हा काढून बघता येतो आणि तो चुकला असेल तर मला तोंडावर सांगता येतं.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुम्ही स्पीकर मोजायला बसता तेव्हा ग्राफवर एकटा स्पीकर कधीच उमटत नाही. खोली, माइक, डोक्यावरचा पंखा, घरातलं वायरिंग, सगळे त्यात आपापला वाटा टाकून बसलेले असतात. त्या गर्दीतून यंत्र वेगळं काढता येणं म्हणजे मोजता येणं. सॉफ्टवेअरचं बटण दाबायला दोन मिनिटं लागतात.

काही न विकत घेता: लेबल वाचा

पहिलं मोजमाप फुकटात होतं. ॲम्पबरोबर आलेला ॲडॅप्टर उलटा करा. त्यावर समजा १९ व्होल्ट आणि ४.७४ अँपिअर लिहिलंय. गुणाकार केला की ९० वॉट होतात. म्हणजे त्या ॲम्पला सतत मिळू शकणारी वीज जास्तीत जास्त ९० वॉट, दोन्ही चॅनल मिळून, आणि त्यातला काही भाग उष्णतेत जाणार. मग त्याच्या खोक्यावरचे ‘३०० वॉट पीएमपीओ’ आले कुठून? पीएमपीओ या आकड्याला कुठलंच प्रमाण नाही. छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. तो सरळ सोडून द्या. आरएमएस वॉट (म्हणजे सतत देता येणारे), किती ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) आणि किती डिस्टॉर्शनला (म्हणजे आवाज किती बिघडू देऊन), हे तिन्ही एकत्र दिलेले असतील तरच पुढे वाचा.

तीच गत ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ची. शेजारी ‘± ३ डीबी’ (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) असं काही नसेल तर त्या ओळीचा अर्थ शून्य. ३० डीबीने खाली पडलेला आवाजही शेवटी ‘येतोच’ की.

आणखी एक गणित डोक्यात ठेवा: वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डीबीने वाढतो. ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेणाऱ्याला दुप्पट आवाज मिळत नाही, जेमतेम लक्षात येईल एवढा फरक मिळतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो, ते बघणं त्याहून शहाणपणाचं. तिथेही एक फट आहे. ती बहुधा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरला कागदावर ३ डीबी आयतेच मिळतात.

सामान

लॅपटॉप तुमच्याकडे असेलच. त्यावर रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, हे जॉन मल्केही यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर टाका. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

पैसे खर्च करायचे ते माइकवर. नवशिक्याला मी यूएसबी माइक सुचवतो, उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा यूमिक-१. प्रत्येक नगाला अनुक्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे त्या माइकच्या स्वतःच्या चुकांची दुरुस्ती, कंपनीच्या साइटवरून उतरवता येते. फायली दोन मिळतात: माइक स्पीकरकडे रोखला असेल तेव्हाची आणि माइक छताकडे उभा असेल तेव्हाची, म्हणजे ९० अंशांची. एकच स्पीकर मोजताना पहिली वापरा. चुकीची फाइल टाकली की ट्वीटरच्या (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) भागात ग्राफ काही डीबीने सरकतो आणि तुम्ही स्पीकरला दोष देत बसता. ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यं लॅपटॉपला जोडायची पेटी) आधीच घरात असेल तर ४८ व्होल्टवर चालणारा साधा मापन माइकही चालेल, फक्त तो कॅलिब्रेशन फाइलसकट घ्या.

मोबाइलचा माइक? ‘खोलीत किती गोंगाट आहे’ याचा अंदाज घेण्यापुरता ठीक. तो आवाज आपोआप कमी-जास्त करतो, पार्श्वभूमी दाबतो. त्याचा ग्राफ कुणाला दाखवू नका.

बाकी किरकोळ: माइकला स्टँड (हातात धरून मोजायचं नाही), मोजपट्टी, चिकटपट्टी, मल्टिमीटर. आणि गोव्यात राहता म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा कुठल्याही माइकला सोसत नाही, आणि किनाऱ्यालगत घर असेल तर खारी हवा जॅक-पिनाही खाते. मोजून झालं की माइक डब्यात. हे पुढे कधीतरी करू म्हणून टाळू नका.

शांतता मोजा

आरईडब्ल्यूमधला ध्वनिपातळीचा मीटर उघडा आणि काहीच न वाजवता आकडा बघा. मग पंखा बंद करा, पुन्हा बघा. फ्रिज बंद असताना बघा. पावसाळ्यात रात्री खिडकी उघडी ठेवून बघितलंत तर बेडकांनी आणि कौलांवरच्या पावसाने मीटर कुठे नेलाय ते कळेल. ही पातळी वहीत लिहा. मोजण्यासाठी आपण ‘स्वीप’ वाजवणार आहोत, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सलग चढत जाणारा आवाज; तो या पातळीच्या खूप वर हवा. माइकजवळ ७५ ते ८० डीबी ही सुरुवातीला सोयीची पातळी.

आवाज वाढवत नेण्यापेक्षा स्वीप लांब करणं चांगलं. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, २५६ के (२,६२,१४४) नमुन्यांचा स्वीप साडेपाच सेकंदांचा असतो, ५१२ केचा सुमारे अकरा सेकंदांचा. लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल सुमारे ३ डीबीने वर येतो. यूएसबी माइक असेल तर छोटे-छोटे स्वीप घेऊन सरासरी काढण्यापेक्षा एकच लांब स्वीप घ्या, कारण माइकचं घड्याळ आणि लॅपटॉपच्या ध्वनी-आउटपुटचं घड्याळ वेगळं चालतं.

रात्री शांतता जास्त असते हे खरं, पण रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ‘रात्र’ आहे आणि निवासी भागाची मर्यादा तेव्हा ४५ डीबी (ए) आहे. ‘हूऽऽप’ करत चढत जाणारा स्वीप शेजाऱ्याला तिसऱ्यांदा ऐकू आला की तो दार ठोठावणारच. दुपारी जेवणानंतर गाव निजलेला असतो, ती वेळ साधा.

पहिला स्वीप, आणि तोच पुन्हा

लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्समेंट’ नावाखाली जे काही चालू असेल ते सगळं बंद करा. स्पीकरवर स्वतःचा ‘बास बूस्ट’ वगैरे असेल तर तोही. माइक निवडा, कॅलिब्रेशन फाइल टाका, एकाच बाजूचा स्पीकर चालू ठेवा, दुसरा काढून टाका. आवाज खालून वर आणा. माइक क्लिप होत नाही ना, म्हणजे आवाज त्याला झेपेनासा होऊन कापला जात नाही ना, ते सॉफ्टवेअर सांगतंच. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप सोडा.

ग्राफ आला की लगेच निष्कर्ष काढू नका. कशालाही हात न लावता तोच स्वीप पुन्हा घ्या आणि दोन्ही रेषा एकावर एक ठेवा. त्या जवळजवळ जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर काहीतरी हलतंय, आवाज करतंय किंवा आपोआप बदलतंय; ते सापडेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. आता माइक फक्त १० सेंटीमीटर बाजूला सरकवा आणि तिसरा स्वीप घ्या. वरच्या भागात रेषा किती बदलली ते नीट पाहा. एवढ्याशा सरकवण्याने होणारा हा फरक म्हणजे तुमच्या मोजमापाची लायकी. दोन स्पीकरांमधला फरक त्यापेक्षा लहान असेल तर ‘हा स्पीकर चांगला’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला अजून मिळालेला नाही.

ग्राफचं माप ठरवून टाका: आडवा २० ते २०,००० हर्ट्झ, उभा ५० डीबी. उभी पट्टी १५० डीबीची केली की कुठलाही स्पीकर सरळ रेषेसारखा दिसतो, आणि १० डीबीची केली की उत्तम स्पीकरसुद्धा सह्याद्री. जाहिरातीतले ग्राफ पहिल्या प्रकारचे असतात.

खोली

आता माइक तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीवर ठेवा. इथे घेतलेल्या ग्राफमध्ये साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली जे दिसतं ते मुख्यतः खोलीचं असतं, स्पीकरचं नाही. चिऱ्याच्या जाड भिंती आणि घोटलेली लाल सिमेंटची जमीन बास जिरवत नाहीत, परत फेकतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरीची अर्धी लांबी बरोबर बसली की तो सूर खोलीत घुमतो. तिशीच्या तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धरा (पुस्तकातला ३४३ हा २० अंशांचा, तो आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेशिवाय कोण बघतो?). भिंतींतलं अंतर ४ मीटर असेल तर पहिला घुमारा ३४९ भागिले ८, म्हणजे ४४ हर्ट्झच्या आसपास. साडेतीन मीटर असेल तर बरोबर ५० हर्ट्झ. विजेचा हमही ५० हर्ट्झचाच, त्यामुळे अशा खोलीत बारीकसा हमसुद्धा कोपऱ्यात बसल्यावर मोठा वाटतो.

कौलारू, उंच उतरतं छत असलेल्या जुन्या घरात हा प्रकार स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा सौम्य असतो; हलक्या छपरातून बास बाहेर निसटतो. स्लॅबच्या दहा बाय बारा खोलीत डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीत दणदणीत आणि दोन हात सरकलं की गायब, असं होतं. तिथे नवा स्पीकर आणून काही बदलत नाही. आधी खुर्ची सरकवा.

मागच्या भिंतीचाही हिशोब आहे. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला ध्वनी ३४९ भागिले २.४, म्हणजे सुमारे १४५ हर्ट्झला मूळ ध्वनीच्या उलट येतो आणि तिथे खड्डा पडतो. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झचा, म्हणजे हा खड्डा नेमका त्याच्या शेजारी. नाट्यगीतात गायकाचा आवाज पातळ वाटतो आणि दोष ध्वनिमुद्रणाला जातो. स्पीकर भिंतीला जवळजवळ टेकवा किंवा चांगला मीटरभर पुढे आणा, आणि प्रत्येक जागेचा स्वीप घेऊन तुलना करा.

ईक्वलायझरने घुमाऱ्याचा उंचवटा खाली आणता येतो. खड्डा भरता येत नाही. तिथे जितका जोर द्याल तितका भिंत परत खाऊन टाकते आणि ॲम्प मात्र तापतो.

खोलीतून स्पीकर वेगळा काढणे

इथे थोडा वेळ काढा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

स्पीकरमधून निघालेला ध्वनी माइकला आधी थेट पोचतो, मग जमिनीवरून, भिंतीवरून आपटून उशिरा पोचतो. त्या दोघांच्या मधल्या वेळेत माइकने जे ऐकलं तेवढंच ठेवलं आणि पुढचं कापून टाकलं, तर खोली ग्राफमधून जाते. आरईडब्ल्यूमध्ये हे इम्पल्सच्या ग्राफवर (आवाज माइकला कधी-कधी पोचला ते दाखवणाऱ्या) विंडो, म्हणजे ठेवायच्या वेळेची चौकट, लावून करतात.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. ट्वीटर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटरवर, एकमेकांपासून १ मीटरवर. थेट वाट १ मीटर. जमिनीवरून येणारी वाट: अर्धा मीटर आडवं आणि १.२ मीटर उभं, म्हणजे तिरकस १.३ मीटर, जाऊन-येऊन २.६ मीटर. फरक १.६ मीटर. ३४९ ने भागलं की ४.६ मिलिसेकंद. एवढाच स्वच्छ वेळ तुमच्या हातात. १ भागिले ०.००४६ म्हणजे सुमारे २१८ हर्ट्झ. त्याखाली या ग्राफमध्ये काहीही खरं नाही, आणि हजार हर्ट्झपर्यंतही तपशील भरडच आहे. कुणी घरातल्या खोलीत विंडो लावून ४० हर्ट्झपर्यंतची गुळगुळीत रेषा दाखवत असेल तर ती सॉफ्टवेअरने ओढलेली रेघ आहे.

वेळ वाढवायचा तर उंची वाढवा. अंगणात मजबूत टेबलावर उंच मांडणी करून दोन्ही २.४ मीटरवर नेलं की फरक ३.९ मीटर, म्हणजे ११ मिलिसेकंद होतो आणि मर्यादा ८९ हर्ट्झपर्यंत उतरते. तुळशीवृंदावन, कंपाउंडची भिंत, उभी गाडी, सगळं यापेक्षा लांब हवं. राजांगणात नेऊ नका. वर आभाळ असलं तरी चारी बाजूंनी भिंती आहेत. हिवाळ्यातली पहाट, वारा पडलेला असताना, सगळ्यात चांगली. वारा सुटला तर माइकवर फोमची टोपी घाला, नाहीतर खालच्या टोकाला नुसती गडगड दिसेल. जड स्पीकर उंचावर एकट्याने चढवू नका, आणि खाली कुणी उभं राहू देऊ नका.

मर्यादेखालच्या बाससाठी दुसरी युक्ती: माइक वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, अगदी तोंडाशी न्या. शंकूचा व्यास १० सेंटीमीटर असेल तर शंकूपासून अर्धा सेंटीमीटर. इतक्या जवळ थेट ध्वनी एवढा मोठा असतो की खोली त्याच्यापुढे क्षुल्लक. आवाज आधी पुष्कळ कमी करा, माइक क्लिप होईल. पोर्ट (खोक्याला बाससाठी ठेवलेलं भोक) असेल तर त्याच्या तोंडाशी वेगळा स्वीप घ्या आणि पोर्ट शंकूपेक्षा जितका लहान, तेवढी त्याची पातळी व्यासांच्या गुणोत्तराने कमी करून मग बेरीज करा. ही बासची रेषा आणि वरची विंडोवाली रेषा तीनशे हर्ट्झच्या आसपास जोडायची. जवळून मोजलेल्या बासमध्ये खोक्याच्या कडांचा परिणाम येत नाही, त्यामुळे खालचा भाग खऱ्यापेक्षा थोडा भरलेला दिसतो. परीक्षणात तेवढं नमूद करा.

आता स्पीकर जागच्या जागी फिरवा. जमिनीवर चिकटपट्टीने १५-१५ अंशांच्या खुणा करा आणि ६० अंशांपर्यंत प्रत्येक ठिकाणी स्वीप घ्या. नवशिके ही पायरी गाळतात, आणि नेमकी हीच सर्वांत बोलकी. खोलीत तुमच्या कानावर पडणारा बराचसा ध्वनी भिंतींवरून आलेला असतो, म्हणजे स्पीकरच्या बाजूने निघालेला. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा पसंती मिळाली ती समोरून सपाट आणि बाजूने हळूहळू, एकसारखे उतरत जाणाऱ्या स्पीकरांना. पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत याच कामातून आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी दर १० अंशांवर मिळून ७० मोजमापं घेण्याची पद्धत बसली, आणि आज ती सीटीए-२०३४ या प्रमाणात आहे. क्लिपेल या कंपनीचं यांत्रिक स्कॅनर हेच काम स्पीकरभोवती माइक फिरवून साध्या खोलीतही करतं. आपल्याला तेवढं जमणार नाही. आडव्या पाच रेषासुद्धा पुष्कळ सांगतात.

काय बघायचं? समोरची रेषा ± ३ डीबीत आहे का. बाजूच्या रेषा तिच्याच आकाराच्या, फक्त उतरत्या, आहेत का. दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये समोर सपाट पण ३० अंशांवर खड्डा किंवा फुगवटा दिसला तर वूफर आणि ट्वीटर एकमेकांना नीट हात देत नाहीत. असा स्पीकर टाळ-चिपळ्यांच्या गजरात कर्कश लागतो आणि ईक्वलायझरने सुधारत नाही, कारण समोरचं आणि बाजूचं एकदमच बदलतं. उलट, सगळ्या रेषा मिळून एकसारख्या वाकड्या असतील तर आनंद माना. ते ईक्वलायझरने सहज सरळ होतं.

डॅक आणि ॲम्प

डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र. इथे माइक नको, ऑडिओ इंटरफेस हवा. पहिली वायर इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये जोडा आणि मोजा. तुमच्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट आणि डिस्टॉर्शन कळलं. याहून चांगला डॅक तुम्हाला मोजता येणार नाही, तुम्ही स्वतःचा इंटरफेसच मोजाल.

सिनॅड हा आकडा सगळीकडे मिरवतो: सिग्नलच्या तुलनेत गोंगाट आणि डिस्टॉर्शन मिळून किती खाली आहे. ६० डीबी म्हणजे ०.१ टक्का, ८० म्हणजे ०.०१, १०० म्हणजे ०.००१. सोळा बिटच्या सीडीची आदर्श मर्यादा ९८ डीबी. आता हिशोब करा: शांत खोलीत ४० डीबी गोंगाट आणि तुमचा सर्वांत मोठा आवाज १०० डीबी, तर वापरात ६० डीबीचीच जागा आहे. ११० आणि १२० सिनॅडच्या डॅकमध्ये कानाला फरक कळेल असं मला वाटत नाही, आणि त्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. ६५ चा ॲम्प मात्र संशयास्पद. तिथे खोलात जा.

एफएफटीच्या, म्हणजे सिग्नल वारंवारितांच्या हजारो कप्प्यांत वाटून दाखवणाऱ्या गणिताच्या, ग्राफवर गोंगाटाची तळरेषा −१४० ला दिसली म्हणून गोंगाट −१४० नसतो. पोतंभर उकडे तांदूळ हजारो वाट्यांत वाटले तर प्रत्येक वाटीत चार दाणे दिसतील, पोतं मात्र तेवढंच. ६५,५३६ बिंदूंच्या एफएफटीत ही वाटणी तळरेषा सुमारे ४५ डीबीने खाली नेते. खरा गोंगाट −९५. एफएफटीची लांबी न सांगता दाखवलेल्या तळरेषेला अर्थ नाही.

तळाशी टोकं उभी दिसतील. ५० आणि १५० हर्ट्झची असतील तर बहुधा अर्थिंगचा फेरा किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. १००, २०० ची असतील तर बहुधा पॉवर सप्लाय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मोजा. ५० चं टोक खाली बसलं तर ॲम्प निर्दोष. हम जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडणारे महाभाग आहेत. ते कधीही करू नका. जुन्या घरात अर्थिंग शंकास्पद असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मोजणी नंतर.

ॲम्पचं आउटपुट थेट इंटरफेसला जोडायचं नाही. ५० वॉट ८ ओहमला म्हणजे २० व्होल्ट. इंटरफेसचं इनपुट जळू शकतं. १० किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर मालिकेत लावून १ किलोओहमवरचं व्होल्टेज घेतलं की अकरावा हिस्सा, १.८ व्होल्ट, हाती येतो. भार म्हणून स्पीकर नको, ८ ओहम १०० वॉटचा ॲल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर हीटसिंकवर बसवा. तो भाजण्याइतका तापतो.

आणि हे ठळक: टेबलावरचे बहुतेक छोटे क्लास-डी ॲम्प (कमी तापणारे, स्विचिंगवर चालणारे) ब्रिज्ड असतात. त्यांच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, शिवाय सप्लायच्या निम्म्याएवढं डीसी व्होल्टेज. ते इंटरफेसच्या ग्राउंडला लावलं की दोन्हींपैकी एक तरी गेलंच. ॲम्प बंद असताना काळं टर्मिनल आणि इनपुटच्या जॅकचं बाहेरचं कडं यांच्यात मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. जवळजवळ शून्य नसेल तर वायर लावू नका. सुरुवात डॅकपासून करा, ब्रिज्ड ॲम्प पुढच्या वर्षी.

हेडफोन

थोडक्यात: घरी करू नका. कानाची पोकळी आणि पडदा यांची नक्कल करणारा कपलर लागतो. साध्या माइकवर हेडफोन दाबून काढलेला ग्राफ फार तर डावं-उजवं जुळतंय का एवढं सांगतो. ज्यांच्याकडे तसं साधन आहे त्यांचे ग्राफ वाचा, आणि वेगवेगळ्या साधनांवरचे ग्राफ एकमेकांवर ठेवू नका.

मग कानाने

मोजल्यावर ऐका, पण नियमाने. दोन यंत्रांतलं जरासं मोठं वाजणारं माणसाला ‘चांगलं’ वाटतं, म्हणून पातळी ०.१ डीबीच्या आत जुळवा. दोन ॲम्प किंवा डॅक तोलताना स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर लावा; एकावर २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ मध्ये आणा. स्वस्त मल्टिमीटर वरच्या वारंवारितांना चुकतात, म्हणून हे ५० ते १०० हर्ट्झच्या सुरावर करा. मग घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा, कुठलं लावलंय ते न सांगता. दोनदा बरोबर ओळखणं हा योगायोग असतो. दहा-पंधरा वेळा करून बघा. केबलवरचे वाद इथे आपसूक मिटतात.

ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण निवडताना, केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या गाण्यासाठी ऐका, ट्वीटर जोखायला नाही. त्यात वरचे सूर मुळातच नाहीत. ओळखीच्या माणसाचं बोलणं, स्वच्छ मुद्रित केलेली पेटी आणि टाळ यांचा उपयोग जास्त.

परीक्षण लिहिताना

ग्राफखाली लिहा: माइक कुठला, अंतर, उंची, विंडो किती मिलिसेकंदांची, स्मूदिंग (रेषा किती गुळगुळीत केली) किती, किती डीबीवर मोजलं. ऑक्टेव्हच्या एक-बारांश स्मूदिंगवर स्पीकर आणि एक-तृतीयांशवर प्रतिस्पर्धी, अशी तुलना करणारे असतात. तुम्ही नका होऊ. जे मोजलं नाही ते ‘मोजलं नाही’ असं लिहा. नग स्वतः विकत घेतलाय की दुकानदाराने दिलाय तेही लिहा. काही विचित्र दिसलं तर जोडीतला दुसरा स्पीकर मोजा. दोन्हींत तेच असेल तर रचनेचा दोष, एकातच असेल तर त्या नगाचा, आणि विक्रेत्याकडे बदलून मागायला ग्राफ हाताशी आहेच.

मूळ मापनफाइल, चित्र नव्हे, तारखेसकट जपून ठेवा. आपल्या दमट हवेत वूफरच्या कडेचा फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो. त्याच जागी, त्याच माइकने दर पावसाळ्यानंतर वूफरच्या तोंडाशी एक स्वीप घेतलात तर फोम डोळ्यांना फाटलेला दिसण्याआधीच बासची रेषा सरकलेली दिसेल, आणि कडा बदलून घ्यायला वेळ मिळेल.